आठजणी, चार सूप आणि एक बिल

आळेफाट्याहून एका भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. सगळं छापायला जागा नाही, म्हणून मतितार्थ सांगते. त्या लिहितात, "आम्हा आठजणींची भिशी आहे. दर महिन्याला एकीच्या घरी जमतो, चहा-पोहे होतात, चिठ्ठी निघते. यंदा धाकट्या दोघींनी टूम काढली आहे की एकदा सगळ्यांनी मिळून बाहेर चायनीजला जेवू या. फाट्यावर एक स्वस्त आणि बरं दुकान आहे, टेबल-खुर्च्या आहेत, बायका-मुलं येऊन बसतात. पण एकीच्या गळ्यात माळ आहे. एकीच्या सासूबाई म्हणतात, घरची चूल विझली का? तिसरीला वाटतं, ते खाऊन पोट बिघडतं. आणि एक मैत्रीण काहीच बोलत नाही. तिच्या घरचा कांदा मातीमोल गेलाय हे आम्हांला ठाऊक आहे. ती नुसती म्हणते, तुम्ही जाऊन या, मला त्या दिवशी काम आहे. तर जावं की जाऊ नये?"

जावं. आठहीजणींनी जावं. आता 'आठहीजणींनी' हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण माळ, सासूबाई आणि पोट या तिन्हींवर तोड निघते. खरा प्रश्न त्या गप्प बसलेल्या मैत्रिणीचा आहे. बाई पहिल्यांदा जेवण चुकवते. मग पुढच्या वेळी सगळ्याजणी त्या जेवणाच्या गप्पा मारतात, तिला त्यात बोलायला काही नसतं. मग ती भिशीला उशिरा येते, लवकर उठते, आणि एक दिवस "माझं नाव यंदा नको" म्हणते. ज्या घरात पीक विकल्याचा पैसा पुरुषाच्या हाती येतो आणि त्याच्याच हातून जातो, तिथे भिशीची उचल हीच बाईची एकरकमी स्वतःची रक्कम असते. मुलीची फी, दवाखाना, गहाण पडलेली पाटली, सगळं त्यातून निघतं. दीडशे रुपयांच्या नूडल्सपायी तिची ती वाट बंद होता कामा नये. तेव्हा जेवण कसं ठरवायचं याचा विचार नीट करू या.

फाट्यावर बसून कोण जेवतं?

ज्यांनी आळेफाटा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पुणे-नाशिक रस्ता आणि माळशेज घाट चढून येणारा कल्याण-नगर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. जुन्नर तालुक्यातलं हे गजबजलेलं ठिकाण. जवळच आळे गाव, तिथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले असं सांगतात त्या रेड्याची समाधी. एका अंगाला ओतूर, दुसऱ्या अंगाला नारायणगाव. कांद्याच्या लिलावाला ट्रॅक्टरची रांग लागते, एस.टी. थांबते, ट्रकवाले उतरतात. साहजिकच खाण्याची दुकानं भरपूर. पण ती दुकानं जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी, अशी आपली समजूत. गावातली बाई तिथे भाजी घेते, कापड घेते, दवाखान्यात जाते आणि उपाशीपोटी घरी परतते. फार झालं तर उसाचा रस. पुरुषमाणूस मात्र कामाला आला की मिसळ खाऊनच जातो. त्याला कोणी विचारत नाही, चूल विझली का म्हणून!

इडली-डोसा गावात आला तेव्हाही हीच कुरकुर झाली होती. आता तोच डोसा आपण रविवारी घरी करतो. चायनीजचंही तसंच चाललं आहे. मुलांच्या वाढदिवसाला नूडल्स घरोघर होतात. तेव्हा हे परक्याचं अन्न आहे ही तक्रार आता टिकत नाही. शिवाय हे अन्न खरोखर कोणाचं, याचीही हकिकत ऐकण्यासारखी आहे.

हे चायनीज आलं कुठून?

अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी माणसं कोलकात्याजवळ येऊन राहिली. त्यांच्यातल्या पहिल्या मोठ्या माणसाचं नाव तोंग अच्यू, आणि त्याच्यावरूनच हुगळीकाठच्या गावाला अचिपूर हे नाव पडलं. पुढे आलेल्यांत हाक्का लोक पुष्कळ. कातडी कमावणं, जोडे शिवणं हे त्यांचे धंदे, आणि कोलकात्यातलं टांगरा ही त्यांची वस्ती. आपण 'हाक्का नूडल्स' म्हणतो ते नाव या माणसांचं आहे. १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालमधल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना, बायकामुलांसकट, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसं ती! सुटून आल्यावर कित्येकांची घरं-दुकानं राहिली नव्हती. कोणी परदेशी गेले. जे राहिले त्यांच्यातल्या अनेकांना हॉटेलच्या धंद्याने हात दिला.

मुंबईत १९७० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात 'गोल्डन ड्रॅगन' निघालं आणि श्रीमंतांना शेजवान कळलं. आणि मंचुरियन? ते चीनमधल्या मांचुरियात शोधायला जाल तर सापडायचं नाही. कोलकात्यात वाढलेले नेल्सन वांग हे मुंबईच्या क्रिकेट क्लबात स्वयंपाकाचं पाहत. १९७५ साली गिऱ्हाइकांनी काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी आपल्यासारखीच आलं-लसूण-हिरवी मिरची फोडणीला टाकली, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं, अशी त्यांनीच सांगितलेली हकिकत आहे. म्हणजे आपलं रस्साभजीच म्हणा की! पुढे कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबीचे गोळे आले, आणि हातगाडीवरून ते महाराष्ट्रभर गेलं.

'शेजवान' हे नाव चीनच्या सिचुआन प्रांतावरून आलं. तिथल्या जेवणात एक जिभेला झिणझिण्या आणणारं मिरं असतं. ते आपल्या कोकणातल्या तिरफळाचं सख्खं चुलत भावंड आहे. पण आपल्या गाडीवरच्या लाल शेजवानात ते मिरं बहुधा नसतंच. त्यात असते सुकी लाल मिरची आणि भरपूर लसूण, म्हणजे तुमच्या-माझ्या घरचीच चटणी.

अमेरिकेतही हेच घडलं. तिथे १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली होती. व्यापाऱ्यांना मात्र मुभा होती. १९१५ साली एका न्यायालयाने हॉटेल चालवणाराही व्यापाऱ्यांत धरला, आणि माणसं हॉटेलं काढून आपल्या नातेवाइकांना आणू लागली. तिथल्या गिऱ्हाइकाला रुचेल असं, तिथल्या बाजारात मिळेल त्या भाजीचं, स्वस्त जेवण त्यांनी बनवलं. 'चॉप सुई' हा त्यातलाच पदार्थ. नावाचा अर्थ साधारण 'उरलंसुरलं, इकडचं-तिकडचं'. आजही तिकडच्या गल्लीबोळातल्या चिनी दुकानांत दुपारच्या जेवणाला एका ठरलेल्या स्वस्त दरात सूप, भात आणि एक भाजी मिळते. आपली राइसप्लेट म्हणा. कचेरीतली माणसं घोळक्याने जाऊन जेवतात. आपल्याकडच्या यादीत 'अमेरिकन चॉप्सी' असते ना, कुरकुरीत नूडल्सवर आंबटगोड लाल सॉस? अमेरिकेतल्या काही भागांत याच नावाने जो पदार्थ करतात त्यात मॅकरोनी, खिमा आणि टोमॅटो असतो! एकाच नावाचे दोन पदार्थ, दोन्ही चीनबाहेरचे.

सांगायचा मुद्दा असा की, हे अन्न पोटासाठी घर सोडलेल्या माणसांनी, हाताशी असेल त्यातून, कमी पैशात पोट भरावं म्हणून केलेलं आहे. आणि फाट्यावरच्या कढईत जो कोबी, जी ढोबळी मिरची, जो पातीचा कांदा पडतो तो तर तुमच्याच शिवारातला.

पोट बिघडेल का?

बिघडू शकतं. पण ज्याला आपण दोष देतो त्याने फार क्वचित, आणि ज्याकडे पाहत नाही त्याने पुष्कळदा.

आपण दोष देतो अजिनोमोटोला. १९०८ साली टोकियोत इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी समुद्रातल्या शेवाळाच्या काढ्यातून ही चव वेगळी काढली. पिकलेल्या टोमॅटोत, जुन्या चीजमध्ये हाच घटक आपसूक असतो. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात एक पत्र छापून आलं की चिनी जेवणानंतर मानेला बधिरपणा येतो, आणि तेव्हापासून याच्या नावाने बोंब झाली. पुढच्या तपासण्यांत नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने असा त्रास ठामपणे दिसून आला नाही. एखादीला खरंच डोकं दुखल्यासारखं वाटत असेल तर "अजिनोमोटो घालू नका" असं सांगावं, ते ऐकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र ते देऊ नये. आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या काकूंनी खरी काळजी घ्यायची ती सोया सॉसची. त्यात मीठ भरपूर. वरून सॉस ओतू नये, सूपही अर्धंच घ्यावं.

आता ज्याकडे आपण पाहत नाही ते.

पहिला, भात. फ्राइड राइसला भात गार आणि मोकळा लागतो, म्हणून तो आधी शिजवून ठेवतात. पण शिजलेला भात तासन्‌तास बाहेर उबेला राहिला की त्यात एक जंतू वाढतो आणि विष तयार करतो. ते विष पुन्हा परतल्याने जात नाही. म्हणून दुपारी लवकर जा, बारा-साडेबाराला. भात सकाळचा की कालचा, हे विचारायला लाजू नका. घरीही हाच नियम. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकू नये. उरला की पसरून गार करून तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी संपायला हवा.

दुसरा, रंग. मंचुरियन शेंदरासारखं लाल दिसलं की समजा, हा मिरचीचा रंग नाही. २०२४ साली कर्नाटकात गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांतल्या १०७ मध्ये नको ते कृत्रिम रंग निघाले, आणि सरकारने मंचुरियनमध्ये ते घालायला बंदी केली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने तर गाड्यांवर गोबी मंचुरियन विकायलाच मनाई केली. चांगलं मंचुरियन तपकिरी दिसतं, सोया सॉसच्या रंगाचं. "रंग न घालता करा" असं ऑर्डर देतानाच सांगायचं. बोटाला लागलेला लाल रंग साबणाने धुऊनही राहिला तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका.

तिसरं, तेल. कढईतलं तेल काळं, फेसाळ आणि नाकाला झोंबणारं असेल तर तळलेलं काही मागवू नका. नूडल्स आणि भात तेवढे घ्या. ते ताज्या चमचाभर तेलात होतात.

चौथं, दुकान. भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असतो, तो पाहा. चिरलेला कोबी झाकलेला आहे का, ताटल्या पिंपातल्या एकाच पाण्यात बुचकळताहेत की वाहत्या पाण्यात धुताहेत, एवढं दारातूनच दिसतं. ज्या दुकानाला दुपारी गर्दी असते तिथे माल शिळा राहत नाही, हाही एक ठोकताळा. आणि शेजारीच परमिट रूम असेल, येणं-जाणं त्याच दाराने असेल, तर बायकांनी दुसरं ठिकाण बघावं. आपल्याला अंग चोरून बसायला जायचं नाही.

माळ, उपास आणि सासूबाई

ज्या मैत्रिणीच्या गळ्यात माळ आहे तिला "तू नुसता पापड खा" असं कोणी म्हणू नये. आधल्या दिवशी एकीने दुकानात जाऊन सांगून ठेवावं की आठही पानं शाकाहारी हवीत, अंडं नको, आणि कढई-झारा धुऊन घ्या. व्हेज फ्राइड राइसमध्येही काही ठिकाणी सवयीने अंडं पडतं, म्हणून हे स्पष्ट सांगायचं. एक दिवस बाकी सातजणींनी कोंबडी नाही खाल्ली तर काही बिघडत नाही. त्याने बिलही उतरतं. तरीही तिचं मन होत नसेल तर ज्या दुकानात मांस शिजतच नाही असं दुकान निवडा. उडप्याच्या शाकाहारी हॉटेलातही आता नूडल्स मिळतात. वार ठरवताना एकादशी, चतुर्थी, कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार हे वहीत मांडून घ्या. श्रावणात आणि मार्गशीर्षात बेत नकोच.

जेवण दुपारचं ठेवा. रात्री गाड्या कमी, आणि जुन्नरकडच्या बायकांना मी काय सांगू, उसाच्या कडेने अंधारात घरी जाणं म्हणजे बिबट्याची धास्ती आलीच. दुपारी साडेबाराला बसायचं, दोनला उठायचं, तीनच्या आत घरात. शाळेतून मुलं यायच्या आत आई हजर.

आता सासूबाई. चोरून जाऊ नका. फाट्यावर आठ बायका एका टेबलाशी बसल्या ही बातमी तुमच्या आधी घरी पोचेल. आधीच्या दिवशी साध्या आवाजात सांगा, "आई, उद्या दुपारी भिशीच्या आम्ही सगळ्या बाहेर जेवणार आहोत. भाकरी, कालवण करून झाकून ठेवते. तीनला येते." यात परवानगी मागणं नाही आणि उलट उत्तरही नाही. 'चूल विझली का' या बोलण्यामागे पुष्कळदा निराळंच दुखणं असतं. त्यांच्या उमेदीत त्यांना असं कोणी नेलं नव्हतं. पुढच्या खेपेला एक दिवस सासूबाईंचा ठेवा. गरम सूप, मऊ भात, कमी तिखट. दात नसले तरी खाता येतं. जी चूल विझल्याचं विचारते तीच मग विचारेल, पुन्हा कधी जायचं?

बिलाचं गणित

आता मुख्य मुद्दा. आठजणींनी आपापलं मागवलं तर काय होतं पाहा. समजा सूप ६० रुपये, भात किंवा नूडल्सची प्लेट १२० आणि थंड पेय २०. एकीचे २०० झाले, आठजणींचे १६००. आणि निम्मा भात ताटात उरतो, कारण एक प्लेट एका बाईला जास्तच होते.

त्याऐवजी मिळून मागवा. चार सूप, 'वन बाय टू', म्हणजे आठ वाट्या : २४०. कोरडं मंचुरियन दोन प्लेट : २४०. हाक्का नूडल्स दोन : २४०. फ्राइड राइस दोन : २४०. रश्शाचं मंचुरियन एक, समजा १४० ला. एकूण ११००. पाणी घरून बाटलीत न्या, थंड पेयाला फाटा द्या. मुलगा टेबल पुसतो, सूप आणतो, त्याच्या हातावर शंभर रुपये ठेवा. झाले १२००. म्हणजे माणशी १५०, आणि सगळ्याजणी पोटभर. दर तुमच्याकडे थोडे इकडे-तिकडे असतील, पण पद्धत हीच. सूप आणि कोरडं आधी, भात-नूडल्स नंतर सांगायचं. सगळं एकदम मागवलं की गार होतं आणि उरतं. उरलंच तर तिथेच बांधून घ्या, पण लगेच घरी जाणार असाल तरच.

आता हे दीडशे रुपये टेबलावर गोळा करायचे नाहीत. हा नियम पक्का. टेबलावर पर्सा उघडल्या की कोणाच्या पर्शीत पाचशेची नोट आणि कोणाच्या पर्शीत चुरगळलेल्या दहा-दहाच्या, हे सगळ्यांना दिसतं. मोबाइलवरून पैसे पाठवायचं म्हटलं तरी जिचं खातं नवऱ्याच्या फोनला जोडलेलं आहे तिची पंचाईत. त्यापेक्षा भिशीच्या हप्त्याबरोबर दर महिन्याला पन्नास-पन्नास रुपये वेगळ्या डब्यात टाका. तीन महिन्यांनी माणशी १५०, आठजणींचे १२००. डबा एकीकडे, हिशोबाची वही दुसरीकडे. बिल येईल तेव्हा एकीनेच डबा घेऊन गल्ल्यावर जायचं आणि पावती वहीत चिकटवायची. कोणी किती दिले हा प्रश्नच उरत नाही.

आणि पन्नास हा आकडा कोणी ठरवायचा? जिचा हात सगळ्यांत आखडता आहे तिने. तिला सगळ्यांसमोर "तुला जमेल ना?" असं विचारू नका. कोणीही बाई असल्या प्रश्नाला "जमेल" असंच म्हणेल आणि पुढच्या वेळी येणार नाही. जिचं तिच्याशी जमतं तिने एकटीने, ओट्याशी उभं राहून, सहज काढून घ्यावं. ती वीस म्हणाली तर सगळ्यांनी वीस. मग तीन महिन्यांऐवजी सात-आठ महिन्यांनी जा, किंवा लवकर जायचं तर सूप आणि नूडल्सवरच भागवा. तुमच्या भागात शेतीच्या पैशाचं कसं असतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने भाव खाल्ला आणि नारायणगावच्या बाजारात पैसा खुळखुळला. त्याच वर्षी डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती पुढच्या मे महिन्यात उठेपर्यंत कित्येक घरांनी हातचं गमावलं. आज जिचा हात आखडता आहे ती उद्या मोकळी असेल, आणि आज जी मोकळी आहे तिच्यावरही पाळी येईल. म्हणून माप नेहमी सगळ्यांत लहान पर्शीचं घ्या.

"मी तुझे भरते गं" हे वाक्यही जपून वापरा. प्रेमाने म्हटलेलं असलं तरी ऐकणारीला ते दिवसभर टोचतं. द्यायचंच असेल तर तिने काही द्यावं अशी जागा ठेवा. तिच्या शेतातली पातीच्या कांद्याची जुडी, मक्याची कणसं भिशीच्या दिवशी ज्या घरी जमाल तिथे येऊ द्यात. आणि "मला काम आहे" असं ती म्हणालीच, तर तारीख बदला. दोनदा बदला. तिसऱ्यांदा ती येते.

तिथे गेल्यावर

कढईशी उभी असणारी मुलं पुष्कळदा नेपाळहून, बंगालहून, ईशान्येकडून आलेली असतात. त्यांना 'ए चिंकी' म्हणणारी माणसं आहेत. आपण 'दादा' म्हणावं. जी मुलं एवढ्या लांबून येऊन भर दुपारी ज्वाळेपुढे उभी राहतात, त्यांचीही कुठेतरी आई असेल, तिला हे पैसे जात असतील. त्यांची कढई बघा एकदा. मोठ्या आचेवर, दोन-तीन मिनिटांत, सतत हलवत. म्हणून कोबी कुरकुरीत राहतो. आपण घरी एकदम किलोभर भाजी टाकतो, झाकण ठेवतो, आणि तिला पाणी सुटून गिचका होतो. थोडी थोडी परता, झाकण नको, मीठ शेवटी.

घोटाळ्यात पडू नये म्हणून एवढंही सांगते. काटा-चमचा जमत नसेल तर नूडल्स चमच्याने खाव्यात, हाताने खाल्ल्या तरी कोणी हसणार नाही. मोठ्याने हसायचं असेल तर हसा. बाहेर बसून आठ बायकांनी मोठ्याने हसण्याने कोणाचं काही जात नाही.

घरच्यासाठी शेजवान चटणी

बाटलीतली विकत घेण्यापेक्षा ही करून पाहा. पंधरा बेडगी आणि चार-पाच तिखट सुक्या मिरच्या, देठं आणि बिया काढून, गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि त्याच पाण्याच्या दोन-तीन चमच्यांत गंधासारख्या वाटा. अर्धी वाटी तेल तापवून त्यात वीस पाकळ्या लसूण आणि दोन बोटं आलं, अगदी बारीक चिरून, मंद आचेवर परता. लाल होऊ देऊ नका. मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत, साधारण दहा मिनिटं, हलवत राहा. त्यात एक चमचा साखर, चवीपुरतं मीठ, चमचाभर सोया सॉस आणि शेवटी दोन चमचे व्हिनेगर. कोकणातून कोणी तिरफळं आणून दिली असतील तर बी काढून एका फळाची टरफलं कुटून घाला, म्हणजे अस्सल सिचुआनच्या जवळ जाल. कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये, पंधरा दिवस सहज राहते. भाकरीबरोबरही छान लागते.

तुमच्या गावात मैत्रिणींनी एकत्र जेवायला जायची काही निराळी, स्वस्त पद्धत असेल तर जरूर लिहून कळवा. हिशोबासकट लिहा, म्हणजे इतरजणींना वहीत उतरून घेता येईल.